आधी शिक्षकांनी जिना उतरावा

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका निमशहरी गावात माध्यमिक शाळेत सहशिक्षिका आहे. पाचवी ते दहावीच्या बारा तुकड्या, ६४० विद्यार्थी, दुमजली इमारत आणि एकच जिना. यंदा आपत्ती व्यवस्थापनाचे काम माझ्याकडे आले. वरून आदेश आल्यामुळे जुलैमध्ये आम्ही कोणालाही पूर्वकल्पना न देता घंटा वाजवून शाळा रिकामी करण्याचा सराव घेतला. मुले जिन्यात एकमेकांवर आदळली, सहावीतील एक मुलगी पडून तिच्या मनगटाला दुखापत झाली आणि पाचवीची काही मुले दोन दिवस शाळेत यायला तयार नव्हती. आठवीतील एक विद्यार्थी चाकाची खुर्ची वापरतो. त्याचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे आणि त्याला ‘तू वर्गातच बस’ असे सांगण्यात आले. जखमी मुलीच्या आईने लेखी तक्रार केली आहे. आता सहकारी म्हणतात की, यापुढे छायाचित्रे काढून अहवाल पाठवावा, पुन्हा हा उपद्व्याप नको. सराव खरोखर उपयोगी असतो का, आणि असेल तर तो कसा घ्यावा?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. जुलैमधील तो सराव फुकट गेला असे तुम्ही मानू नका, हे सर्वप्रथम सांगावेसे वाटते. त्या मुलीची दुखापत टाळता आली असती आणि ती टाळायलाच हवी होती. पण त्या काही मिनिटांच्या गोंधळाने तुमच्या शाळेबद्दल जे दाखवून दिले, ते कोणत्याही छापील आराखड्यातून तुम्हाला कळले नसते. जिना एका वेळी एवढी मुले पेलू शकत नाही, लहान मुलांना त्या घंटेचा अर्थ ठाऊक नाही आणि चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्यासाठी कोणीच काही ठरवलेले नाही, हे आता तुम्हाला नेमके माहीत आहे. ते दुरुस्त करायचे सोडून छायाचित्रांसह अहवाल पाठवणे मला सर्वांत धोकादायक वाटते, कारण तो कागद एकदा फायलीत गेला की शाळा सज्ज आहे असा सर्वांचाच समज होऊन बसतो.

सराव उपयोगी असतो का, या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच भागापासून सुरू करते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी झाला तो पहाटे, आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंपही पहाटेच झाला. दोन्ही वेळी शाळा बंद होत्या, म्हणून भरलेल्या शाळेत जमीन हादरली तर काय होते याचा अनुभव आपल्याकडील फार थोड्या शिक्षकांच्या गाठीशी आहे. भुजचा भूकंप मात्र २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास झाला. त्या वेळी अंजारमध्ये शाळकरी मुलांची प्रजासत्ताक दिनाची फेरी अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंच्या इमारती कोसळून १८५ विद्यार्थी आणि २० शिक्षक दगावले. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातील आग झापांच्या छताला लागली आणि ९४ मुले गेली. अरुंद जिना हे त्यांच्या अडकण्याचे एक मोठे कारण होते. त्या दुर्घटनेतून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशभरातील शाळांसाठी अग्निसुरक्षेचे निर्देश दिले आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे आली. तुमच्याकडे आलेला आदेश हा कोणा अधिकाऱ्याचा हट्ट नाही, त्याच्यामागे ही मुले आहेत, एवढे सहकाऱ्यांना शिक्षक सभेत शांतपणे सांगा. तुमची शाळाही एकाच जिन्याची आहे, हे निराळे सांगावे लागणार नाही.

आता चूक कुठे झाली ते पाहू. तुम्ही मुलांची परीक्षा घेतलीत, पण अभ्यास कोणाचाच झालेला नव्हता. मुलांचा तर नाहीच, शिक्षकांचाही नाही. संकटात मूल शिक्षकाच्या तोंडाकडे पाहते, आणि तिथे गोंधळ दिसला की ते पळत सुटते. म्हणून पुढील सरावाची सुरुवात मुलांना बोलावून करू नका. एखाद्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सर्व शिक्षक, लिपिक, शिपाई आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई यांना एका टेबलाभोवती बसवा. ड्रॉइंग शीटवर दोन्ही मजल्यांचा नकाशा काढा, प्रत्येक तुकडीसाठी एक चिंचोका ठेवा आणि स्वयंपाकघरात आग लागली आहे असे धरून चिंचोके सरकवायला लागा. वरच्या मजल्यावरील सहा तुकड्या, म्हणजे सुमारे ३२० मुले, एकाच जिन्याच्या तोंडाशी कशी साचतात ते पाच मिनिटांत सर्वांना दिसेल, आणि जे इतके दिवस वाद घालत होते तेच उपाय सुचवू लागतील. हे मी अनेक शाळांमध्ये पाहिले आहे.

त्याच बैठकीत अडचणीचे प्रश्न मोकळेपणाने विचारा. मुख्याध्यापक बैठकीसाठी तालुक्याला गेले असतील तर शाळा रिकामी करण्याचा निर्णय कोण घेईल, आणि तेही नसतील तर कोण? मेन स्विच कुठे आहे आणि तो कोण बंद करेल? गॅसचा रेग्युलेटर कोण बंद करेल? ११२ किंवा १०१ क्रमांकावर दूरध्वनी कोण करेल, आणि पत्ता सांगताना गावातील कोणती खूण सांगेल? ही नावे पदांनुसार लिहा, आणि प्रत्येकाच्या पुढे दुसरे नावही लिहा. मी मुख्याध्यापिका असताना एका शाळेत सराव चालू असताना खालचे चॅनेल गेट कुलूपबंद निघाले. किल्ली शिपाईमामांच्या खिशात होती आणि मामा टपाल टाकायला गेले होते. आराखड्यात ते गेट ‘आपत्कालीन मार्ग’ म्हणून लाल शाईने दाखवलेले होते आणि त्या आराखड्यावर माझीच सही होती. ती आठवण आजही मला अस्वस्थ करते. त्या दिवसापासून शाळा भरलेली असताना एकाही बाहेर जाण्याच्या वाटेला कुलूप राहणार नाही, हा नियम मी मोडू दिला नाही.

आराखड्यातील शब्दांबद्दलही एक गोष्ट नमूद करते. ११ मार्च २०११ च्या जपानमधील भूकंपानंतर ओकावा प्राथमिक शाळेतील मुले मैदानात सुखरूप जमली होती, पण पुढे कुठे जायचे हे ठरवण्यात सुमारे पन्नास मिनिटे गेली आणि त्सुनामीत ७४ मुले व १० शिक्षक मृत्युमुखी पडले. शाळेमागेच टेकडी होती. त्यांच्या आराखड्यात पर्यायी जागा म्हणून जवळची मोकळी जागा किंवा बाग एवढेच मोघम लिहिलेले होते. आपल्या आराखड्यांमध्येही ‘सुरक्षित मोकळ्या जागेत जावे’ असेच वाक्य असते. तुम्ही तिथे मैदानाचा कोपरा, त्यामागील शेत किंवा ग्रामपंचायतीचे पटांगण असे नाव लिहा, आणि पहिली जागा निरुपयोगी ठरली तर दुसरी कोणती तेही लिहा. जागा निवडताना विजेच्या तारा, पाण्याची टाकी, जुने झाड आणि आवारभिंत यांपासून अंतर ठेवा. अंजारची ती गल्ली आठवा.

त्यानंतर, मुलांना बोलावण्याआधी, सर्व शिक्षकांनी आपापल्या वर्गापासून मैदानापर्यंत प्रत्यक्ष चालत जावे. वाटेत बऱ्याच गोष्टी पायाशी येतील. आपल्या शाळांमध्ये मुले चपला वर्गाबाहेर काढतात, आणि पन्नास जोडांचा तो ढीग नेमका दारात असतो. घाईत बाहेर पडणारे मूल आपली चप्पल शोधायला वाकते आणि मागचे मूल त्याच्यावर पडते. तुमच्या त्या मुलीचे असेच काही झाले नसेल ना, याची चौकशी करा. चपलांची जागा दारापासून चार पावले दूर, भिंतीकडेला करा, आणि आगीच्या सरावात अनवाणीच निघायचे हे मुलांना स्पष्ट सांगा. जिन्याखाली ठेवलेले जुने बाक, वरांड्यातील कपाट, दाराला बाहेरून लागणारी कडी, या गोष्टीही त्या फेरीत वहीत टिपा.

जिन्याबद्दल माझे मत ठाम आहे. दुसरा जिना हवा, अशी लेखी मागणी संस्थेकडे आणि व्यवस्थापन समितीकडे आजच करा, तिची पोच घ्या, आणि तो होईपर्यंत तुकड्यांची मांडणी बदला. पाचवी आणि सहावी तळमजल्यावर आणा. आठवीतील त्या विद्यार्थ्याची तुकडीही खाली आणा. ‘तू वर्गातच बस’ हे वाक्य त्याने ऐकले आहे आणि त्याच्या वर्गमित्रांनीही ऐकले आहे. ते पुसून टाकण्यासाठी मुख्याध्यापकांनी त्याच्याशी आणि त्याच्या पालकांशी स्वतः बोलावे. वर्ग खाली आला तरी तो कधी प्रयोगशाळेसाठी किंवा कार्यक्रमासाठी वर जाईल, म्हणून त्याच्यासाठी दोन मोठी माणसे नेमा आणि तिसरे राखीव ठेवा. चार हातांची पालखी कशी करायची हे स्काउट-गाइडचे शिक्षक शिकवू शकतील, पण उचलण्याची कोणती पद्धत त्याला सोयीची आणि न दुखणारी आहे हे त्यालाच विचारा. ऐकू कमी येणारे मूल शाळेत असेल तर घंटेबरोबर दिव्याची उघडझाप किंवा शेजारच्या मुलाने खांद्याला करायचा स्पर्श ठरवून द्या.

संकेतांचा घोळ बहुतेक शाळांमध्ये असतो. आग लागली तर ताबडतोब बाहेर पडायचे असते. भूकंपात हादरे चालू असेपर्यंत मुळीच धावायचे नसते, बाकाखाली वाकून, डोके झाकून, बाकाचा पाय धरून थांबायचे असते आणि हादरे थांबल्यावर बाहेर पडायचे असते. आणि आवारात मधमाश्या उठल्या किंवा पिसाळलेले कुत्रे शिरले तर दारे-खिडक्या लावून आतच थांबायचे असते. या तिन्हींसाठी एकच घंटा वाजवली तर मूल काय करणार? सलग घंटा म्हणजे बाहेर, तुटक घंटा म्हणजे आत थांबा, एवढे दोनच संकेत ठेवा. भूकंपाला घंटेची वाट पाहायची नसते, तिथे जमीनच संकेत देते. विजेची घंटा वीज गेल्यावर वाजत नाही, म्हणून जुना लोखंडी टोल काढून टाकलेला असेल तर तो पुन्हा टांगा. ज्या वर्गात मुले सतरंजीवर बसतात, तिथे बाकाखाली वाका असे शिकवणे निरर्थक आहे. त्या मुलांनी खिडक्या आणि कपाटांपासून दूर आतल्या भिंतीशी बसून दोन्ही हातांनी डोके व मान झाकावी.

मुलांचा सराव टप्प्याटप्प्याने घ्या. आधी शारीरिक शिक्षणाच्या तासाला एकेका वर्गाने रांगेत, कठड्याच्या बाजूने, चालत खाली उतरावे. धावू नका, ढकलू नका, बोलू नका, मागे फिरू नका, ही चार वाक्ये परिपाठात आठवडाभर म्हणून घ्या. पुढे वर्गप्रमुख आणि मागे शिक्षक, अशी रांग असावी. शिक्षकाने वर्ग रिकामा झाल्याचे पाहून दार ओढून घ्यावे, पण कडी लावू नये. मग एक मजला, आणि मग संपूर्ण शाळा. पूर्वकल्पना द्यावी की नाही या प्रश्नावर माझे उत्तर असे की, पहिले दोन-तीन सराव दिवस आणि वेळ सांगूनच घ्यावेत, पालकांना आदल्या दिवशी वहीत निरोप द्यावा, आणि पुढे ‘या आठवड्यात कधीतरी’ एवढेच सांगावे. मुलांना फसवून, खोटा धूर करून किंवा जखमींची सोंगे आणून सराव घेऊ नये. भीतीने मुले शिकत नाहीत, गोठतात. तुमच्या पाचवीच्या मुलांनी ते दाखवून दिले आहे. त्यांच्या वर्गशिक्षिकेने त्यांना जवळ बसवून त्या दिवशी काय झाले, घंटा का वाजली, हे त्यांच्या तोंडून बोलून घ्यावे, आणि नंतर निवांत वेळी त्यांच्याबरोबर ती वाट दोन-तीनदा चालून यावे. पूर किंवा घरातील आग अनुभवलेले एखादे मूल असेल तर त्याच्याकडे सरावाआधीच स्वतंत्र लक्ष द्या.

एवढे सगळे केल्यावर बहुतेक शाळा घड्याळाकडे पाहतात आणि किती मिनिटांत शाळा रिकामी झाली याचा अभिमान बाळगतात. मला मात्र सरावाचा गाभा मैदानातील मोजणीत दिसतो. सगळी मुले बाहेर आली हे कोणाला, कशावरून आणि किती खात्रीने सांगता येते? हजेरीपट कार्यालयात जमा होत असेल तर तो त्या वेळी कोणाच्याही हाताशी नसतो. प्रत्येक वर्गाच्या दाराशी खिळ्याला त्या तुकडीच्या नावांची यादी पुठ्ठ्यावर चिकटवून अडकवा आणि ती घेऊन निघणे हे वर्गप्रमुखाचे काम ठरवा. त्या दिवशीचे गैरहजर विद्यार्थी पहिल्या तासालाच तिच्यावर पेन्सिलीने लिहावेत. मैदानात पट जुळला तर शिक्षकाने हिरवे कार्ड वर धरावे, एकही मूल कमी असेल तर लाल. शौचालयात गेलेले, ग्रंथालयात बसलेले, पाणी आणायला पाठवलेले मूल लाल कार्डाशिवाय कोणालाच दिसत नाही. तिसऱ्या किंवा चौथ्या सरावात एका विद्यार्थ्याला, त्याच्या आणि पालकांच्या संमतीने, एका शिक्षकाबरोबर कार्यालयात गुपचूप बसवून ठेवा, आणि मैदानात त्याची उणीव किती वेळाने लक्षात येते ते पाहा. कोणाच्याच लक्षात आली नाही तर त्या दिवशी तुम्ही सर्वांत मोलाची गोष्ट शिकलात. एक सराव मधल्या सुट्टीत, खिचडीच्या वेळी, अवश्य घ्या. मुले वर्गात नसतात तेव्हाच खरी कसोटी लागते.

स्वयंपाकघरातील ताईंना प्रशिक्षणातून वगळू नका. शाळेतील आगीच्या सर्वांत जवळ त्याच असतात. पेटलेल्या तेलावर पाणी न ओतता झाकण टाकायचे, गॅसचा वास आला तर विजेचे बटण दाबायचे नाही, पेटलेल्या विजेच्या उपकरणावर पाणी मारायचे नाही, हे त्यांनी स्वतः करून पाहिले पाहिजे. अग्निशामक सिलिंडर नुसता भिंतीवर टांगलेला असून चालत नाही. त्याची मुदत पाहा, आणि नगरपालिकेच्या अग्निशमन दलाला विनंती करून चार-पाच जणांना तो प्रत्यक्ष चालवायला शिकवा.

आणखी एक सराव आपल्याकडे जवळजवळ कोणीच करत नाही, तो म्हणजे मुले पालकांच्या स्वाधीन करण्याचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईतील कितीतरी मुले रात्रभर शाळेत राहिली आणि शिक्षकांनी त्यांना सांभाळले. अशा वेळी फाटकाशी पालकांची गर्दी उसळते, जो येईल तो हाताला धरून मूल घेऊन जातो, आणि अर्ध्या तासाने त्याच मुलाची आई येऊन विचारते तेव्हा कोणाकडे उत्तर नसते. म्हणून प्रत्येक मुलाला नेण्याचा अधिकार असलेल्या दोन-तीन व्यक्तींची नावे आताच लिहून घ्या, एका फाटकावर मागणी आणि दुसऱ्या फाटकावर सोपवणी ठेवा, सही घेतल्याशिवाय मूल सोडू नका, आणि रिक्षा-व्हॅनच्या चालकांनाही हा नियम आधी सांगा.

डिसेंबर जवळ येईल तसे स्नेहसंमेलनाच्या मंडपाकडेही याच नजरेने पाहा. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या समारंभात मंडपाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत मुले आणि त्यांच्या माता मोठ्या संख्येने होत्या. मंडपाला किमान दोन रुंद, उघडी दारे असल्याशिवाय पडदा वर करू नये, आणि निवेदकाने सुरुवातीलाच ती दारे प्रेक्षकांना दाखवावीत.

राहिला तक्रारीचा प्रश्न. त्या आईला लेखी खुलासा पाठवण्यापूर्वी मुख्याध्यापक आणि तुम्ही त्यांच्या घरी जा, मुलीची विचारपूस करा, उपचाराचा खर्च शाळेने द्यावा, आणि चूक आमची झाली हे स्पष्ट शब्दांत सांगा. नंतर चिंचोक्यांचा तो नकाशा त्यांच्यापुढे ठेवा आणि पुढील सरावाच्या दिवशी जिन्याच्या पायथ्याशी निरीक्षक म्हणून उभे राहण्याची त्यांना विनंती करा. जिथे त्यांची मुलगी पडली, तिथे काय बदलले आहे हे त्यांच्याइतके बारकाईने कोणीही पाहणार नाही. पुढील सराव दिवाळीच्या सुट्टीनंतर ठेवलात तर तुम्हाला पुरेसा वेळ मिळेल. चपलांची जागा आणि चॅनेल गेटची दुसरी किल्ली ही दोन कामे मात्र याच आठवड्यात करून घ्या.